आवाज चढला की बंद पडणारा रिसीव्हर : एक लक्षण, दोन कारणं

पार्श्वभूमी

एका घरातलं ५.१ होम थिएटर, म्हणजे पुढचे दोन स्पीकर, मधला सेंटर, बाजूचे दोन सराउंड आणि खर्जासाठी सबवूफर. रिसीव्हर, म्हणजे चित्र टीव्हीकडे आणि आवाज स्पीकरकडे पाठवणारी पेटी, सात चॅनेलचा (एका चॅनेलवर एक स्पीकर), क्लास एबी या प्रचलित प्रकारच्या अँप्लिफायरचा, पाचेक वर्षं वापरलेला आणि तोवर एकदाही न कुरकुरलेला. मग दिवाणखान्याचं नूतनीकरण झालं आणि एकाच आठवड्यात तीन गोष्टी बदलल्या. पुढचे दोन लहान बुकशेल्फ स्पीकर जाऊन त्यांच्या जागी टॉवर आले. उघड्या रॅकवरचा रिसीव्हर टीव्हीखालच्या नव्या लाकडी कपाटात गेला. या कपाटाला मागून प्लायची फळी आणि पुढे काचेचं दार होतं. तिसरी गोष्ट म्हणजे, जमिनीवर लोळणाऱ्या सराउंड स्पीकरच्या वायरी भिंतीच्या कडेने नेऊन धातूच्या स्टेपल पिनांनी ठोकून बसवल्या.

तिसरा बदल पुढे कुणाच्या लक्षातही राहिला नाही. टॉवर आणि कपाट रोज डोळ्यांसमोर होते, त्यामुळे संशय त्यांच्यावरच फिरत राहिला.

अडचण

काही आठवड्यांनी एका मारधाडीच्या चित्रपटात, ऐन स्फोटाच्या दृश्यात, रिसीव्हरमधून रिलेचा (जोडणी तोडणाऱ्या आतल्या स्विचचा) ‘टक्’ असा आवाज आला. आवाज आणि चित्र दोन्ही गेलं आणि पुढचा लाल दिवा लुकलुकू लागला. पाच मिनिटांनी चालू केल्यावर सगळं जागेवर. त्यानंतर हे आठवड्यातून एकदोनदा होऊ लागलं. संवाद, बातम्या, मालिका चालू असताना कधीच नाही. मोठ्या आवाजाच्या दृश्यातच.

लाल दिवा लुकलुकला म्हणजे रिसीव्हर स्वतःच्या संरक्षणासाठी बंद झाला. स्लीप टायमर, आपोआप स्टँडबायला जाण्याची सेटिंग किंवा टीव्हीकडून एचडीएमआयमार्गे येणारी बंद होण्याची आज्ञा, यांनीही रिसीव्हर अधूनमधून बंद पडल्यासारखा वाटतो, पण तेव्हा दिवा शांत असतो. ही पहिली चाळणी इथे आपोआपच पार पडली.

संरक्षण करणारं सर्किट साधारणपणे चार गोष्टींवर नजर ठेवतं : आउटपुट ट्रान्झिस्टरमधून जाणारा जादा प्रवाह, स्पीकर टर्मिनलवर आलेला डीसी (एकाच दिशेचा) व्होल्टेज, हीटसिंकचं (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्याचं) तापमान आणि आतल्या वीजपुरवठ्याचे व्होल्टेज. काही मॉडेलांत दिवा लुकलुकण्याच्या गतीवरून यातलं काय बिघडलं ते कळतं आणि ते माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं. या मॉडेलमध्ये मात्र चारही कारणांना दिवा सारखाच लुकलुकत होता.

आधी करून पाहिलेले उपाय

सर्वांना पहिल्यांदा सुचलं ते कपाट. आत हात घातला तर रिसीव्हरचं झाकण चांगलंच तापलेलं. म्हणून झाकणावर एक लहान पंखा ठेवला. पुढचा आठवडा सुरळीत गेला आणि प्रश्न सुटला असं घरच्यांनी ठरवूनही टाकलं. पुढच्या आठवड्यात रिसीव्हर पुन्हा बंद पडला. मागाहून उलगडलं ते असं : त्या सुरळीत आठवड्यात घरात मोठ्या आवाजाचा चित्रपट लागलाच नव्हता. शिवाय बंद कपाटातला पंखा तीच गरम हवा आतल्या आत ढवळत होता.

मग फॅक्टरी रिसेट. याने बंद पडणं थांबलं नाहीच, उलट माइक ठेवून खोलीप्रमाणे जुळवलेल्या सगळ्या पातळ्या पुसल्या गेल्या. जुळवणी परत करताना रिसीव्हरने टॉवरना ‘लार्ज’ ठरवलं, म्हणजे पुढच्या चॅनेलचा सगळा खर्ज सबवूफरला न जाता टॉवरकडे जाऊ लागला. तेव्हा हे कुणी पाहिलं नाही.

भिंतीतला व्होल्टेज कमी पडतो का, अशीही शंका आली. मोठ्या आवाजात मल्टिमीटरने मोजला तर दोनच व्होल्टचा उतार दिसला. ती शंका तिथेच मिटली.

शेवटी रिसीव्हर सर्व्हिस सेंटरला गेला. तिथे तो दोन दिवस टेस्ट लोडवर (स्पीकरऐवजी जोडलेल्या रोधकांवर) चालवला आणि ‘दोष आढळला नाही’ असा शेरा घेऊन परत आला. घरच्यांनी याचा अर्थ ‘त्यांनी नीट पाहिलंच नाही’ असा लावला. वास्तविक तोवरचा सगळ्यात मोलाचा पुरावा हाच होता. तिथे रिसीव्हरला या घरातले स्पीकर आणि या घरातल्या वायरी जोडलेल्या नव्हत्या. तो तिथे चालतो आणि घरी पडतो, तर दोष पेटीच्या बाहेर असण्याचीच शक्यता जास्त.

पहिला निर्णय : उपाय थांबवून नोंद ठेवणं

यानंतर एका जाणकार तंत्रज्ञाला बोलावलं. त्याने आल्या आल्या काहीच खोललं नाही. एक वही ठेवायला सांगितली आणि प्रत्येक वेळी पाच गोष्टी लिहायला सांगितल्या : काय लागलं होतं, ध्वनी स्टीरिओ (पुढच्या दोन चॅनेलचा) होता की मल्टिचॅनेल (सगळ्या चॅनेलचा), व्हॉल्यूमचा आकडा, चालू केल्यापासून किती वेळ झाला होता आणि बंद पडल्यावर लगेच चालू केल्यास चालू होतो का.

शेवटचा प्रश्न निर्णायक ठरला. तोवर घरातले प्रत्येक वेळी पाच मिनिटं थांबूनच बटण दाबत. ‘गार होऊ दे’ हा सल्ला चांगल्या हेतूचा, पण त्याने निदान अडवून ठेवलं होतं. उष्णतेने बंद पडलेला रिसीव्हर लगेच चालू होत नाही, किंवा झाला तरी काही क्षणांत पुन्हा पडतो, कारण जाड हीटसिंक मिनिटभरात गार होत नाही. जादा प्रवाहाने पडलेला मात्र, तो प्रवाह ओढणारा शॉर्ट (दोन तारा एकमेकींना टेकणं) त्या क्षणी सुटला असेल तर, लगेच उठून बसतो. पाच मिनिटं थांबलं की दोन्ही प्रकार सारखेच दिसतात.

ही चाचणी व्हॉल्यूम तळाला आणून आणि एकदाच करायची. दुसऱ्या वेळी लगेच पडला तर प्लग काढायचा. शॉर्टवर पुन्हा पुन्हा बटण दाबत राहिल्याने आउटपुट ट्रान्झिस्टर जळतात आणि मग वायरीचं किरकोळ काम मोठ्या दुरुस्तीत बदलतं.

वहीतल्या नोंदींतून दोन गोष्टी उघड झाल्या. बंद पडल्यावर रिसीव्हर लगेच चालू होत होता, म्हणजे निदान त्या प्रसंगांत उष्णता गुन्हेगार नव्हती. दुसरी नोंद अधिक बोलकी होती : मोठ्या आवाजात तासभर लावलेल्या स्टीरिओ गाण्यांत तो एकदाही पडला नव्हता, पडला तो फक्त मल्टिचॅनेल चित्रपटांत. टॉवरच दोषी असते तर त्यांनी स्टीरिओतही त्रास द्यायला हवा होता. संशय आता सेंटर आणि सराउंडकडे वळला.

दुसरा निर्णय : आत की बाहेर?

झाकण उघडायचं का, यावर घरात चर्चा झाली. तंत्रज्ञाने नकार दिला. आतल्या मोठ्या कपॅसिटरांवर प्लग काढल्यावरही पन्नास-साठ व्होल्टचा भार काही काळ राहू शकतो, आणि बाहेरचं काहीही तपासलेलं नसताना आत शिरण्याचं कारणच नव्हतं.

त्याऐवजी प्लग काढून स्पीकरच्या सगळ्या वायरी टर्मिनलवरून सोडवल्या. एखादा सुटा तांब्याचा तंतू शेजारच्या टर्मिनलला किंवा मागच्या पत्र्याला टेकतोय का, हे टॉर्च लावून पाहिलं. सगळं स्वच्छ होतं. मग एकही स्पीकर न जोडता नेहमीच्या व्हॉल्यूमवर चित्रपट तासभर चालवला. रिसीव्हर पडला नाही. बिनस्पीकरचा रिसीव्हर पडला असता तर दोष आतच आहे असं धरून तो थेट दुरुस्तीला द्यायचा, असं आधीच ठरलं होतं.

पुढे एकेक स्पीकर जोडत जायचं. सराउंड डावा-उजवा यांच्या वायरी टर्मिनलवर अदलाबदल करून पाहाव्यात, अशी सूचना घरातून आली. ऐकायला ती बरोबर वाटते, पण इथे निरुपयोगी होती : कुठल्याही चॅनेलवर शॉर्ट झाला तरी सगळा रिसीव्हर एकत्रच बंद होतो, त्यामुळे दोष कुठे सरकला ते कळत नाही. अशा ठिकाणी काढून टाकणं आणि एकेक परत जोडणं हाच मार्ग.

पुढचे दोन आणि सेंटर जोडले. ठरलेला स्फोटाचा प्रसंग ठरलेल्या व्हॉल्यूमवर तीनदा लावला. ठीक. सराउंड डावा जोडला, ठीक. सराउंड उजवा जोडला आणि दुसऱ्या फेरीत ‘टक्’.

वायरीतला लपंडाव

रिसीव्हरच्या टोकाला वायर सोडवून मल्टिमीटर लावला. सराउंड उजव्याचं वाचन ६.१ ओहम, डाव्याचं ६.०. आठ ओहमच्या स्पीकरचा डीसी रोध साडेपाच ते सातच्या दरम्यान येतो, म्हणजे दोन्ही निर्दोष. वाचनावर समाधान मानलं असतं तर तपास इथेच भरकटला असता. पण शॉर्ट कायमचा असता तर रिसीव्हर चालू होतानाच पडला असता. तो क्षणिक होता, म्हणून स्थिर वायरीचं वाचन काहीच सिद्ध करत नव्हतं.

म्हणून स्पीकरही दुसऱ्या टोकाला सोडवला. हे आवश्यक होतं, कारण बऱ्याच मल्टिमीटरांचा कंटिन्युटी बझर (जोड सलग असल्यास वाजणारा) तीस-पन्नास ओहमच्या खाली काहीही असलं तरी वाजतो, आणि सहा ओहमचा स्पीकर जोडलेला असेल तर तो अखंड वाजत राहील. दोन्ही टोकं मोकळी असताना बझर गप्प हवा. होताही. मग एकाने मीटर धरला आणि दुसऱ्याने लाकडी पट्टीने वायरीच्या मार्गावर हलके ठोके देत नेले. सबवूफरच्या मागच्या कोपऱ्यातल्या एका पिनेवर ठोका पडताच बझर किंचित कुरकुरला. पुन्हा ठोका, पुन्हा आवाज.

(शॉर्टचं अंतर रोधावरून काढता येतं, पण साध्या मीटरने नाही. दीड चौरस मिलिमीटर वायरीच्या जोडीचा रोध मीटरभर लांबीला जेमतेम ०.०२३ ओहम. ०.१ ओहमपर्यंतच मोजणाऱ्या मीटरची एक पायरी म्हणजे चार मीटरहून जास्त अंतर. ठोके देणं जास्त अचूक.)

पिन उपटली तेव्हा तिचा एक पाय वायरीच्या मधोमध घुसून दोन्ही तारांच्या इन्सुलेशनमधून आरपार गेलेला दिसला. वायर शांत असताना तो एकाच तारेला टेकत होता. सबवूफरच्या खर्जाने भिंत थरथरली की दुसऱ्या तारेलाही टेकायचा. आणि नेमक्या त्याच वेळी, मोठ्या दृश्यामुळे, सराउंड चॅनेलमध्येही भरपूर सिग्नल असायचा. दोन्ही अटी एकदम पुऱ्या झाल्या की शॉर्ट. स्टीरिओ गाण्यात भिंत तितकीच थरथरायची, पण सराउंड चॅनेल मुका असल्याने शॉर्टमधून वाहायला प्रवाहच नव्हता. वहीतल्या कोड्याचं उत्तर हे होतं.

खात्रीसाठी तीच वायर परत जोडून रिसीव्हर पाडून दाखवावा, असा मोह इथे होतो. तो टाळला. भोक डोळ्यांना दिसत होतं. त्यासाठी अँप्लिफायरला आणखी एक शॉर्ट कशाला द्यायचा? त्याऐवजी नवी सुटी वायर खोलीतून आडवी टाकून तोच प्रसंग तीनदा वाजवला आणि रिसीव्हर चालत राहिला.

जुन्या वायरीला मध्ये जोड देऊन भागलं असतं. पण बाकीच्या पिना काढून पाहिल्यावर आणखी दोन जागी इन्सुलेशन चेपलेलं आढळलं, म्हणून दोन्ही सराउंडच्या वायरी पूर्ण बदलल्या. नव्या वायरी पीव्हीसीच्या केसिंग पट्टीतून नेल्या. स्पीकरच्या चपट्या वायरीवर धातूच्या पिना ठोकणं मुळातच चूक. ठोकायचंच असेल तर प्लास्टिकच्या क्लिप.

पुन्हा बंद, पण वेगळ्या रीतीने

काही आठवडे निर्धास्त गेले. मग एका लांबलचक चित्रपटात, दोन तास उलटल्यावर, रिसीव्हर पडला. घरच्यांची पहिली प्रतिक्रिया ‘वायरीचा शोध चुकलाच’ अशी होती. वहीने वाचवलं. या वेळी तो लगेच चालू होत नव्हता, झाकणावर हात टेकवत नव्हता, आणि पडला तो साध्या संवादाच्या दृश्यात. पहिल्या दोषाची एकही खूण यात नव्हती.

मूळ संशय, म्हणजे उष्णता, आता खरा निघाला. पण दोष एकट्या कपाटाचा नव्हता. जुने स्पीकर ८ ओहमचे, सेन्सिटिव्हिटी (ठरावीक सिग्नलला किती मोठा आवाज निघतो ते) ८९ डेसिबल. नवे टॉवर ४ ओहमचे, कागदावर ८६ डेसिबल. तीनच डेसिबलचा फरक दिसतो, पण ८६ हा आकडा २.८३ व्होल्टला दिलेला होता. २.८३ व्होल्ट ८ ओहमला १ वॉट देतात, ४ ओहमला मात्र २ वॉट. म्हणजे दर वॉटला टॉवर खरे तर ८३ डेसिबलचेच. तेवढाच आवाज हवा तर व्होल्टेज १.४ पट, प्रवाह सुमारे २.८ पट आणि वॉट चौपट लागणार.

घरचे म्हणत होते, ‘आम्ही आवाज वाढवलेलाच नाही.’ ते खरं होतं. माइक लावून जुळवणी करताना रिसीव्हरने टॉवरची पातळी स्वतःच उचलून घेतली होती. व्हॉल्यूमचा आकडा तोच राहिला आणि आतलं काम वाढलं. त्यात टॉवर ‘लार्ज’ असल्याने खर्जाचा भारही त्यांच्याच चॅनेलवर. आणि हे सगळं बंद कपाटात, जिथे असा रिसीव्हर नुसता चालू ठेवला तरी पन्नासेक वॉट उष्णता सोडत असतो.

पर्याय आणि निवड

इंपीडन्सची, म्हणजे स्पीकरच्या ओहममधल्या विरोधाची, सेटिंग ४ ओहमवर टाकण्याचा पर्याय मेनूत होता आणि तोच सगळ्यात सोपा वाटत होता. अशी सेटिंग बहुतेक रिसीव्हरांत आतला व्होल्टेज खाली आणते. उष्णता घटते, पण अँप्लिफायर मोठ्या आवाजात लवकर क्लिप होतो (सिग्नलची टोकं कापली जातात) आणि क्लिपिंगचा फटका ट्वीटरला (उंच पट्टीच्या लहान स्पीकरला) बसू शकतो. रिसीव्हर ४ ओहम पेलायला अधिक समर्थ होतो, हा समज चुकीचा आहे. हा पर्याय राखून ठेवला.

पुढच्या दोन चॅनेलसाठी वेगळा पॉवर अँप्लिफायर हा तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात भक्कम उपाय. रिसीव्हरला प्री-आउट (बाहेरच्या अँप्लिफायरला सिग्नल देणारे जोड) होते, त्यामुळे शक्यही होता. पण आधी बिनखर्चाचं काय होतं ते पाहायचं ठरलं.

केलं ते असं. टॉवर ‘स्मॉल’ केले आणि क्रॉसओव्हर, म्हणजे खर्ज वेगळा करण्याची सीमा, ८० हर्ट्झवर ठेवला. त्याखालचा खर्ज सबवूफरच्या स्वतःच्या अँप्लिफायरकडे गेला. ‘एवढे मोठे स्पीकर आणि स्मॉल?’ असा आक्षेप हमखास येतो, पण ही सेटिंग स्पीकरच्या उंचीबद्दल नसून खर्ज कोण उचलणार याबद्दल असते. कपाटाची मागची फळी काढली. वरचा कप्पा सरकवून रिसीव्हरच्या झाकणावर १५ सेंटिमीटर मोकळी जागा केली. झाकणावरचा पंखा काढून १२० मिलिमीटरचे दोन संथ पंखे मागे वरच्या बाजूला लावले, हवा बाहेर ओढणारे. आत येणाऱ्या हवेसाठी दाराखाली फट सोडली. हवा खालून पुढून येते आणि वरून मागे जाते, म्हणजे गरम हवेच्या स्वाभाविक वाटेनेच.

तापमान मोजताना एक गफलत होता होता राहिली. चकचकीत पत्र्यावर इन्फ्रारेड थर्मामीटर बरंच कमी तापमान दाखवतो. झाकणावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर मोजलं, तेव्हा हाताला जाणवत होता तसा आकडा आला.

निष्पत्ती

चित्रपटाच्या दोन तासांनंतर कपाटातल्या हवेचं तापमान पूर्वी ४७ अंश सेल्सिअस व्हायचं, ते ३५ वर आलं. त्याच व्हॉल्यूमवर तोच लांब चित्रपट पूर्ण चालला. नंतरच्या कित्येक महिन्यांत बंद पडल्याची नोंद नाही. पॉवर अँप्लिफायर घ्यावा लागला नाही.

काय वेगळं करता आलं असतं

बिनस्पीकरची चाचणी पहिल्याच आठवड्यात व्हायला हवी होती. तिला एक संध्याकाळ लागते आणि पुढचे निम्मे रस्ते बंद होतात. रिसीव्हर सर्व्हिस सेंटरला द्यायचाच होता, तर ‘घरी स्पीकर जोडलेले असतानाच पडतो, मल्टिचॅनेलमध्येच पडतो’ अशी चिठ्ठी सोबत हवी होती. तिथल्या माणसाने स्पीकर वायरीकडेच बोट दाखवलं असतं.

पंख्याच्या चाचणीत पंखा आणि लावलेला कार्यक्रम दोन्ही बदलले होते. उपाय तपासताना प्रसंग, व्हॉल्यूम आणि वेळ तीच ठेवली नाही तर ‘सुटलं’ म्हणण्याला आधार राहत नाही. फॅक्टरी रिसेटचं समर्थन करणं तर अवघडच : संरक्षण सर्किट सेटिंगमुळे चालू-बंद होत नाही, आणि गमावलेली जुळवणी परत करताना नवा दोष आत आला.

एक गोष्ट अजून देखरेखीखाली आहे. वारंवार शॉर्ट सोसलेल्या चॅनेलचे आउटपुट ट्रान्झिस्टर किंवा रोधक अर्धवट दुखावलेले असू शकतात. म्हणून स्पीकर सोडवून, सिग्नल न देता, व्हॉल्यूम तळाला ठेवून प्रत्येक टर्मिनलवरचा डीसी व्होल्टेज मोजला. बाकीच्या चॅनेलवर ६ ते १० मिलिव्होल्ट, सराउंड उजव्यावर २२. पन्नासच्या आत आहे तोवर काळजी नाही. दर सहा महिन्यांनी हेच मोजायचं, आणि आकडा चढताना दिसला तर तो चॅनेल जळायची वाट न पाहता रिसीव्हर वहीसकट दुरुस्तीला द्यायचा, असं ठरलं आहे.